अमेरिकेतील घरतपासणी आणि विद्युत पॅनेलची सुरक्षितता : ‘स्टॅब-लॉक’ प्रकरणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुने घर विकत घेणारा मनुष्य व्यवहार पक्का करण्यापूर्वी बहुधा एका व्यावसायिक तपासनिसाकडून त्या घराची पाहणी करून घेतो. दोन-तीन तासांच्या या पाहणीत छप्पर, पाया, नळजोडणी यांबरोबरच तळघरात किंवा गॅरेजमध्ये भिंतीला बसविलेल्या लोखंडी पेटीचे झाकण उघडून आतील जोडणी पाहिली जाते. महाराष्ट्रात जिला ‘मेन बोर्ड’ किंवा ‘डीबी’ म्हणतात, तिचेच हे अमेरिकी रूप होय. घरातील सर्व विद्युत मंडले या पेटीतून निघतात आणि प्रत्येक मंडलाचा पहारेकरी असलेला सर्किट ब्रेकर येथेच असतो. अमेरिकेत या पेटीला सरसकट ‘पॅनेल’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखातही तोच शब्द वापरला आहे.

तपासणी-अहवालांत पॅनेलविषयी जे दोष नोंदविले जातात, त्यांपैकी बहुतेक डोळ्यांना दिसणारे असतात. परंतु पेटीच्या दारावर ‘फेडरल पॅसिफिक’ हे नाव आणि आत ‘स्टॅब-लॉक’ जातीचे ब्रेकर आढळले, तर आत काहीही बिघडलेले दिसत नसतानाही तपासनीस ‘पॅनेल बदलून घ्यावे’ असा शेरा लिहितो. दोष न दिसता केवळ उत्पादकाचे नाव हाच दोष मानला जाण्याची ही स्थिती तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळ आहे. ती कशी निर्माण झाली, आणि ज्या प्रश्नाचा निर्णय शासकीय यंत्रणेने करावयाचा तो घरोघर फिरणाऱ्या तपासनिसाच्या गळ्यात कसा पडला, याचा शोध येथे घेतला आहे.

विमा कंपन्या आणि ‘यूएल’चा शिक्का

अमेरिकेतील घरगुती विजेच्या सुरक्षिततेची व्यवस्था सरकारने उभारलेली नाही. ती आगविमा कंपन्यांनी उभारली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांची अभूतपूर्व रोषणाई झाली. लाकडी सांगाडे व प्लास्टरच्या इमारती आणि त्यांतून खेळविलेल्या तारा हे मिश्रण पाहून विमा कंपन्यांना धास्ती वाटणे स्वाभाविक होते. या प्रदर्शनातील विद्युत व्यवस्थेच्या पाहणीसाठी आलेल्या विल्यम हेन्री मेरिल या तरुण अभियंत्याने पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, शिकागोत एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ म्हणजेच ‘यूएल’ या नावाने प्रसिद्ध झाली. अंडररायटर म्हणजे विम्याची जोखीम पत्करणारा. संस्थेचे नावच तिचे कूळ सांगते. १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत संहिता तयार झाली आणि १९११ पासून तिची जबाबदारी राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेकडे आली. ही संघटनाही खासगीच. राज्ये व नगरपालिका ही संहिता स्वीकारतात, तेव्हा तिला कायद्याचे बळ येते.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. नवीन घराची जोडणी तपासणारा नगरपालिकेचा निरीक्षक तारेची जाडी, पेटीची जागा आणि जोड यांची पाहणी करी. ब्रेकर प्रत्यक्षात काम करतो की नाही हे तो तपासत नसे. ब्रेकरवर ‘यूएल’चा शिक्का आहे एवढे त्याला पुरे. ‘यूएल’ काही नमुने तपासून मान्यता देई आणि रोजच्या उत्पादनाची चाचणी कारखान्यातच होई. साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे कारखान्यातील चाचणी, प्रामाणिक असेल तोवरच ही व्यवस्था सुरक्षित होती.

फ्यूज ते ब्रेकर

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकी घरांत ब्रेकरऐवजी पेचाचे फ्यूज असत. ते दिव्याच्या होल्डरसारख्या खोबणीत फिरवून बसवावे लागत, आणि १५ अँपिअरच्या खोबणीत ३० अँपिअरचा फ्यूजही सहज बसे. फ्यूज वारंवार उडू लागला की गृहस्थ मोठा फ्यूज आणी; काही महाभाग तर फ्यूजच्या मागे तांब्याचे एक सेंटचे नाणे सरकवून मोकळे होत. ज्या घरांत फ्यूजला तांब्याची जाड तार गुंडाळून वेळ मारून नेली जाते, तेथील वाचकांना हा प्रकार परका वाटणार नाही. पातळ तारेतून तिच्या कुवतीबाहेरचा प्रवाह वाहू लागला की भिंतीतील तार तापते, तिचे आवरण सुकून ठिसूळ होते आणि लाकडी सांगाड्याच्या घरात पुढचे सांगावे लागत नाही.

युद्धोत्तर काळात उपनगरांत घरबांधणीची लाट आली. घराघरांत कपडे वाळविण्याची यंत्रे, पाणी तापविण्याच्या टाक्या आणि विजेच्या शेगड्या आल्या. या नव्या घरांसाठी ब्रेकर हे वरदान ठरले. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. दोन धातूंची जोडपट्टी अतिभाराने तापून वाकते व ब्रेकर पाडते. शॉर्ट सर्किट झाल्यास विद्युतचुंबक क्षणार्धात तेच काम करतो. ‘यूएल’च्या मानकानुसार घरगुती क्षमतेच्या ब्रेकरमधून नामांकित क्षमतेच्या १३५ टक्के प्रवाह वाहू लागला तर तो एका तासाच्या आत पडला पाहिजे, ३० अँपिअरपर्यंतच्या ब्रेकरमधून २०० टक्के प्रवाह वाहू लागला तर दोन मिनिटांच्या आत. या चाचणीस ‘अंशांकन चाचणी’ म्हणता येईल. पुढील साऱ्या वादाचे मूळ याच चाचणीत आहे.

नेवार्क, न्यू जर्सी येथील फेडरल पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी या बाजारपेठेतील एक मोठी उत्पादक होती. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत तिची ‘स्टॅब-लॉक’ पॅनेल लक्षावधी घरांत बसविली गेली. ‘स्टॅब’ म्हणजे खुपसणे. ब्रेकरच्या पाठीमागचे धातूचे पाते बसबारच्या खाचेत खुपसून बसविले जाई, त्यावरून हे नाव पडले. जागा कमी लागे, किंमत कमी पडे, आणि शिक्का तर होताच.

१९८० ते १९८३ : अनिर्णित राहिलेली चौकशी

१९७९ मध्ये रिलायन्स इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने फेडरल पॅसिफिक विकत घेतली आणि त्याच वर्षी एक्सॉन या तेल कंपनीने रिलायन्स इलेक्ट्रिक विकत घेतली. (नामसाधर्म्यावरून भारतीय उद्योगसमूहाशी गल्लत होऊ नये.) खरेदीनंतर नव्या मालकांच्या ध्यानी आले की, अनेक ब्रेकर ‘यूएल’ची अंशांकन चाचणी पूर्ण करीत नाहीत आणि तरीही त्यांवर शिक्का आहे. मान्यता मिळविण्यासाठी चाचण्यांत फसवणूक करण्यात आली होती, असा आरोप करीत रिलायन्सने पूर्वीच्या मालकांविरुद्ध दावा दाखल केला. १९८० मध्ये तिने ही बाब ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगालाही कळविली. हा दोष कोणा ग्राहकाने वा पत्रकाराने बाहेर काढला नाही. दोन भांडवलदारांच्या व्यवहारातील भांडणातून तो उघडकीस आला, हे येथे नोंदविले पाहिजे. विक्रीच्या वेळी झालेली ही पहिली ‘तपासणी’ घराची नव्हती, कारखान्याची होती.

आयोगाची स्थापना १९७२ च्या कायद्याने झाली होती व १९७३ पासून त्याचे काम चालू होते. घरगुती विजेच्या प्रश्नात त्याचे हात एकदा पोळले होते. सुमारे १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्याने असंख्य घरांत ॲल्युमिनिअमच्या तारा टाकण्यात आल्या. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हॅम्प्टन बेज येथे अशा तारांच्या घरात लागलेल्या आगीत दोन जणांचा मृत्यू झाल्यावर आयोगाने चौकशी हाती घेतली. पुढे एका सर्वेक्षणाच्या आधारे आयोगाने असे जाहीर केले की, १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनिअम तारांच्या घरात एखादा जोड आगीच्या धोक्याच्या पातळीस पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या तारांच्या घराच्या ५५ पट आहे. १९७७ मध्ये आयोग उत्पादकांविरुद्ध न्यायालयात गेला. पण भिंतीत गाडलेली तार ही ‘ग्राहकवस्तू’ होते काय, याच प्रश्नात खटला रुतला. हाती राहिले ते ग्राहकांना सल्ला देणारे पत्रक.

‘स्टॅब-लॉक’च्या बाबतीत आयोगाने ब्रेकरच्या चाचण्या करविल्या. २४० व्होल्टच्या उपकरणांसाठी वापरले जाणारे दोन ध्रुवांचे काही ब्रेकर अंशांकन चाचणीत अनुत्तीर्ण झाले, हे त्यांत स्पष्ट झाले. उत्पादकाचे म्हणणे असे की, प्रयोगशाळेतील अनुत्तीर्णता म्हणजे घरातील धोका नव्हे. या म्हणण्याचा स्वीकार वा खंडन करण्याइतकी माहिती आपल्यापाशी नाही, असे सांगून ३ मार्च १९८३ रोजी आयोगाने चौकशी बंद केली. पूर्ण माहिती गोळा करण्यास काही दशलक्ष डॉलर लागतील आणि आयोगाचे त्या वर्षाचे एकूण अंदाजपत्रक ३ कोटी ४० लाख डॉलर आहे, हे कारणही त्याच निवेदनात दिले होते. नागरिकांना सल्ला मिळाला तो असा : मंडलांवर अतिभार टाकू नये आणि बिघडलेली उपकरणे बंद करावीत.

या सल्ल्यातील विसंगती उघड आहे. गृहस्थ झोपेत असताना किंवा घराबाहेर असताना अतिभार ओळखावा, यासाठीच तर ब्रेकर असतो. परंतु निवेदनाचा दूरगामी परिणाम या सल्ल्यापेक्षा त्याच्या संदिग्धतेने घडविला. आयोगाने ब्रेकर सुरक्षित ठरविले नाहीत आणि असुरक्षितही ठरविले नाहीत. ते परत मागविण्याचा आदेश नाही, म्हणून ‘काही दोष नाही’ असे विक्रेता म्हणू लागला. ‘आयोगाच्याच चाचणीत नापास’ असे खरेदीदाराचा वकील म्हणू लागला. एकाच निवेदनाचे हे दोन्ही अर्थ पुढे कित्येक वर्षे परस्परांसमोर उभे राहिले.

घरतपासनिसाचा उदय

याच सुमारास घरतपासणी हा व्यवसाय आकार घेत होता. १९७६ मध्ये घरतपासनिसांची अमेरिकन संघटना स्थापन झाली व तिने कामाची मानके ठरविली. व्यवसायाला खरे बळ मिळाले ते मात्र १९८४ मधील ‘ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर’ या कॅलिफोर्नियातील निकालामुळे. नीट न दाबलेल्या भरावावर बांधलेले घर खचले, तेव्हा घराची वाजवी पाहणी करून दोष खरेदीदारास सांगणे हे मध्यस्थाचे कर्तव्य होते, असे अपील न्यायालयाने ठरविले. जमीन खचल्याच्या या खटल्याचा विजेशी काही संबंध नव्हता. पण त्यानंतर मध्यस्थांना आपल्यावरील जोखीम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावीशी वाटू लागली आणि खरेदीदारास ‘तपासनीस नेमा’ असे सांगण्याची रीत पडत गेली.

तपासनीस पॅनेलचे झाकण काढतो तेव्हा त्याला बरेच काही दिसते. एका तारेसाठी असलेल्या स्क्रूखाली दोन तारा कोंबलेल्या असतात; त्यांपैकी एक सैल राहते, ठिणग्या पडतात, प्लास्टिक काळवंडते. १५ अँपिअरच्या तारेवर ३० अँपिअरचा ब्रेकर बसविलेला असतो, म्हणजे मोठ्या फ्यूजची जुनी खोडच नव्या वेषात. बाहेरून येणाऱ्या मुख्य केबलवाटे पावसाचे पाणी झिरपून बसबार गंजलेला असतो. पेटीची मोकळी छिद्रे उघडी असतात आणि त्यांतून उंदीर वा लहान मुलाचे बोट आत जाऊ शकते. दुय्यम पेटीत न्यूट्रल व अर्थिंग एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे धातूच्या खोक्यांतून एरवीही प्रवाह वाहत राहतो. संहितेनुसार पॅनेलसमोर ३६ इंच खोल व ३० इंच रुंद जागा मोकळी हवी. प्रत्यक्षात तेथे कपाट किंवा वॉशिंग मशीन असते. यांपैकी बहुतेक दोष जोडणी करणाऱ्याचे किंवा हौशी घरमालकाचे असतात आणि इलेक्ट्रिशियनच्या दोन-चार तासांच्या कामाने दूर होतात.

‘स्टॅब-लॉक’चा दोष या यादीत बसत नाही. न पडणारा ब्रेकर आणि पडणारा ब्रेकर दिसायला सारखेच असतात. तो हाताने चालू-बंद केला तरी फरक कळत नाही, कारण हाताची खटकी आणि तापून वाकणारी जोडपट्टी या वेगळ्या यंत्रणा आहेत. खरी चाचणी करायची तर ब्रेकर काढून त्यातून ठरावीक प्रवाह ठरावीक वेळ सोडावा लागतो; हे काम प्रयोगशाळेचे आहे आणि तपासनिसांच्या मानकांनी ते त्यांच्यावर टाकलेले नाही. म्हणून तपासनिसापुढे दोनच मार्ग उरले : काही न लिहिणे किंवा नावावरून लिहिणे. पहिल्या मार्गात, पुढे आग लागल्यास खटल्याची भीती. दुसऱ्या मार्गात, पुरावा न दाखविता विक्रेत्याला मोठ्या खर्चात पाडल्याचा ठपका. व्यवसायाने कालांतराने दुसरा मार्ग पत्करला. झिन्स्को या कॅलिफोर्नियातील नाममुद्रेच्या पॅनेलबाबतही असेच झाले. मात्र तेथे ॲल्युमिनिअमच्या बसबारला चिकटून जळालेले ब्रेकर निदान बाहेर काढल्यावर दिसत असत.

नावावरून निवाडा करण्याची ही पद्धत अन्यायकारक आहे, हा आक्षेप निराधार नव्हे. ‘स्टॅब-लॉक’चे सर्वच ब्रेकर सदोष होते असे कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही. तथापि ज्या संरक्षक साधनातील चांगला-वाईट नग बाहेरून ओळखता येत नाही, त्याच्या बाबतीत संशयाचा फायदा साधनाला द्यावा की त्या घरात झोपणाऱ्यांना, याचे उत्तर तपासनिसांनी आपल्या परीने दिले. आयोगाजवळ ते देण्यासाठी साधने व अधिकार होते, तपासनिसाजवळ केवळ एक स्क्रू-ड्रायव्हर होता.

न्यायालय, अभियंता आणि आकडे

न्यू जर्सीतील मिडलसेक्स परगण्याच्या न्यायालयात घरमालकांचा सामूहिक दावा चालला. २००२ मध्ये न्यायालयाने असा निष्कर्ष काढला की, कंपनीने ‘यूएल’च्या मानकानुसार तपासलेले नसलेले ब्रेकर तो शिक्का लावून जाणूनबुजून विकले आणि राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याचा भंग केला. २००५ मध्ये तडजोड झाली. तिचा लाभ न्यू जर्सीपुरता आणि ठरावीक अटींत बसणाऱ्यांपुरता मर्यादित राहिला. पेनसिल्व्हेनिया वा ओहायोमधील तशाच पेटीच्या मालकाला त्यातून काही मिळाले नाही. याच परगण्यात थॉमस एडिसनची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा होती, आणि त्याचे नाव धारण करणाऱ्या एडिसन शहरात व आसपास गेल्या काही दशकांत भारतीय कुटुंबांनी, त्यांत मराठी भाषकांनीही, मोठ्या संख्येने घरे घेतली आहेत. दूरदेशीची ही कथा त्यांच्या तळघरापर्यंत पोहोचते ती अशी.

न्यायालयाचा निष्कर्ष फसवणुकीविषयी होता, आगींविषयी नव्हता. ती बाजू मांडण्याचे काम जेसी ॲरोनस्टीन या अभियंत्याने केले. ॲल्युमिनिअम तारांच्या जोडांवरही काम केलेल्या या संशोधकाने घरांतून काढलेल्या ब्रेकरच्या चाचण्या वर्षानुवर्षे केल्या. २०१२ मध्ये रिचर्ड लोरी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी असा अंदाज मांडला की, या ब्रेकरमुळे दरवर्षी सुमारे २,८०० आगी लागतात, १३ जणांचा मृत्यू होतो आणि ४ कोटी डॉलरची हानी होते. हे आकडे तपासणी-अहवालांतून आणि वकिलांच्या नोटिसांतून सर्रास उद्धृत होतात, पण ते मोजलेले आकडे म्हणून. वस्तुतः तो अंदाज आहे. आगीच्या नोंदींत ब्रेकर कोणत्या उत्पादकाचा होता हे क्वचितच लिहिलेले असते आणि जळालेल्या पेटीतून तो पडला होता की नाही हे ठरविणेही कठीण असते. चाचणीतील अपयशाचे प्रमाण आणि आगींची एकूण संख्या यांची सांगड घालूनच असा अंदाज बांधता येतो. आयोगाने १९८३ मध्ये ‘अपुरी’ म्हटलेली माहिती ती हीच. शासकीय यंत्रणेने ती गोळा न केल्यामुळे एका स्वतंत्र अभियंत्याला अप्रत्यक्ष मार्गाने तिच्या जवळ जावे लागले. आयोगाने २०११ मध्ये आपले १९८३ चेच निवेदन पुन्हा प्रसृत केले.

पुन्हा विमा कंपन्या

आयोगाने जे ठरविले नाही ते बाजाराने ठरविले. फ्लोरिडात १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर विमा व्यवसाय मोडकळीस आला आणि जुन्या घरांचा विमा उतरविण्यापूर्वी छप्पर, वीज, नळजोडणी व वातानुकूलन या चार बाबींच्या तपासणीचा आग्रह रुळला. राज्याच्या पाठबळाने चालणाऱ्या सिटिझन्स या विमा संस्थेच्या तपासणी-नमुन्यात पॅनेलची नाममुद्रा लिहावी लागते. एका स्क्रूखाली दोन तारा, गंज, काळवंडलेले भाग, ॲल्युमिनिअमच्या तारा यांसाठी चौकटी असतात. शतकापूर्वी ज्यांनी प्रयोगशाळा काढून शिक्का निर्माण केला, तेच आता शिक्का बाजूला ठेवून नाव विचारू लागले.

या प्रकरणाला एक तुलना उपलब्ध आहे. जून २०२२ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकने ‘स्क्वेअर डी’ नाममुद्रेची सुमारे १४ लाख पॅनेल अतितापाच्या व आगीच्या धोक्यामुळे आयोगाच्या माध्यमातून परत बोलाविण्याची घोषणा केली. ती २०२० ते २०२२ या काळात तयार झालेली होती; उत्पादक अस्तित्वात होता, त्याने जबाबदारी मान्य केली आणि तपासणी व दुरुस्तीचा खर्च उचलला. ‘स्टॅब-लॉक’च्या मालकाला असा कोणी वाली नाही. पॅनेल बदलण्याचा खर्च विक्रेता व खरेदीदार यांच्या घासाघिशीत वाटला जातो आणि प्रत्येक विक्रीबरोबर अशी एखादी पेटी भिंतीवरून उतरते.

ज्या घरांची विक्रीच होत नाही, तेथे हा मार्गही बंद आहे. एकाच कुटुंबाकडे चाळीस-पन्नास वर्षे राहिलेली घरे आणि भाड्याने दिलेल्या जुन्या सदनिका तपासनिसाच्या वाटेवर येत नाहीत. भाडेकरू घर घेताना तपासनीस नेमत नाही, आणि नेमला तरी पॅनेल बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तेथील पेट्यांमधले ब्रेकर आज चाळीस ते सत्तर वर्षांचे झाले आहेत.